गोणीतलं नत्र जातं कुठे?

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे एका गोणीत २० किलो ७०० ग्रॅम. त्यातलं निम्मंसुद्धा पिकाच्या पदरात पडेल याची खात्री नसते. आपल्याकडे तीस ते पन्नास टक्के हा नेहमीचा अंदाज. उरलेल्याचं काय होतं असं निफाड-चांदवडकडच्या कुठल्याही कांदेवाल्याला विचारा, तो म्हणेल, थोडं वाहून जातं, थोडं उडून जातं. उत्तर अगदी बरोबर आहे. या उडून जाणाऱ्या नत्राचा बराचसा भाग अमोनिया आणि साधा नायट्रोजन म्हणून जातो. एक छोटा हिस्सा मात्र नायट्रस ऑक्साइड होऊन जातो, आणि हवामानाच्या हिशेबात तोच सगळ्यात महाग पडतो.

शस्त्रक्रियेच्या वेळी भूल द्यायला वापरतात तोच हा वायू. एक किलो नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या काळात २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. हवेत गेला की शतकभर हलत नाही, आणि वर ओझोनचा थरही खातो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत त्याचं प्रमाण अब्जात सुमारे २७० भाग होतं, आता ते ३३५ च्या पुढे गेलं आहे. या वाढीतला मोठा वाटा शेतीचा आहे, आणि माणसाच्या कामांतून हा वायू सोडणाऱ्या देशांत चीनच्या मागोमाग आपला नंबर लागतो.

आता जमिनीत उतरू.

युरिया पडला आणि ओल मिळाली की मातीतलं युरिएज नावाचं विकर त्याचे तुकडे करतं. हे काम एक-दोन दिवसांत उरकतं. त्यातून अमोनियम तयार होतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. हा कार्बन डायऑक्साइड कारखान्यात युरिया बनवताना त्यात बांधलेला असतो, शेतात तो मोकळा होतो. युरिया ओल्या मातीवर उघडा पडून राहिला आणि जमीन चुनखडीची असली, तर अमोनियमचा अमोनिया होऊन हवेत जातो. गोदाकाठच्या काळ्या जमिनींचा सामू बऱ्याचदा आठच्या वर असतो, म्हणून तिथे हे नुकसान जास्त. अमोनिया स्वतः हरितगृह वायू नाही, पण तो वाऱ्याबरोबर जाऊन दुसऱ्या कुणाच्या शेतात किंवा पाण्यात पडतो आणि त्यातला थोडा भाग तिथे नायट्रस ऑक्साइड होतो.

पुढची पायरी जिवाणूंची. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू अमोनियमचं नायट्राइट करतात, नायट्रोबॅक्टर आणि त्याचे भाऊबंद नायट्राइटचं नायट्रेट. या कामाला हवा लागते, आणि ते चालू असताना थोडा नायट्रस ऑक्साइड गळतो. नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं. मातीचे कण त्याला धरत नाहीत. पिकाने उचललं तर उचललं, नाहीतर पाण्याबरोबर खाली.

खरी गडबड होते ती यानंतर शेतात पाणी तुंबलं की. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की दुसऱ्या जातीच्या जिवाणूंना श्वासाला ऑक्सिजन मिळत नाही. मग ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात. नायट्रेटचं नायट्राइट, त्याचं नायट्रिक ऑक्साइड, त्याचं नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन अशी ती उतरंड आहे. शेवटच्या पायरीपर्यंत पोचलेला नायट्रोजन निरुपद्रवी; हवेत तोच ७८ टक्के आहे. पण शेवटची पायरी पार पाडणारं विकर फार नाजूक, थोडा ऑक्सिजन लागला तरी ते बंद पडतं. त्यामुळे जमीन पूर्ण कोरडी असेल तर वायू कमी, भातखाचरासारखी कायम पाण्याखाली असेल तरीही कमी. मधल्या अवस्थेत, पोकळ्यांपैकी साधारण ६० ते ८० टक्के पाण्याने भरलेल्या असताना, एकाच ढेकळाच्या बाहेरच्या बाजूला नायट्रेट बनत असतं आणि आतल्या बाजूला ते मोडत असतं. त्या वेळी नायट्रस ऑक्साइड सर्वात जास्त सुटतो.

मोकाट पाणी भरल्यापासून वाफसा येईपर्यंतचे दोन-तीन दिवस म्हणजे नेमकी ही अवस्था. पाटाला आवर्तन सुटलं, पाणी हाताशी आहे तोवर युरिया फोकला आणि वाफे तुडुंब भरले, की वायूसाठी सगळी तयारी होते. कडक उन्हाळ्यानंतर वळवाच्या किंवा पहिल्या पावसानेही असाच झटका येतो, कारण कोरड्या मातीत साचून राहिलेलं नायट्रेट एकदम भिजतं. वर्षभरातला निम्म्याहून अधिक वायू अशा मोजक्या दिवसांत निघून गेल्याचं अनेक देशांतल्या मोजण्यांत दिसलं आहे. म्हणून मी हा प्रश्न खताइतकाच पाण्याचा मानतो.

हे मोजतात कसं? साधन अगदी साधं आहे. पिकाच्या ओळींमध्ये धातूची चौकट मातीत रुतवून ठेवतात. मोजायच्या वेळी तिच्यावर तळाशी उघडी असलेली पेटी पालथी घालतात आणि चौकटीच्या खाचेत पाणी ओततात, म्हणजे हवेला वाट राहत नाही. मग पेटीच्या झाकणातल्या रबरी बुचातून इंजेक्शनच्या सुईने हवा ओढायची: लगेच एकदा, पंधरा मिनिटांनी, तीस मिनिटांनी, पंचेचाळीस मिनिटांनी. चारही नमुने प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासतात. पेटीतलं प्रमाण ज्या वेगाने चढतं त्यावरून एका हेक्टरचा हिशेब मांडतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत भात-गव्हासाठी अशा मोजण्या वर्षानुवर्षं चालू आहेत. वाफ्याच्या एका कोपऱ्यात पेटी ठेवली तर एक आकडा येतो, दोन हात सरकवली तर दुसरा, कारण शेणाचा एखादा गोळा खाली असला तरी वायू दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. पेटीच्या आकड्यांवर विश्वास ठेवावा, पण सरासरी पाहूनच.

जगभरच्या अशा सरासऱ्यांवरून हवामान बदलासाठीच्या आंतरसरकारी समितीने ढोबळ नियम दिला आहे: शेतात घातलेल्या दर शंभर किलो नत्रातलं एक किलो नत्र नायट्रस ऑक्साइड म्हणून जातं. २०१९ च्या सुधारणेत रासायनिक खतासाठी दमट हवामानात १.६ किलो आणि कोरड्या हवामानात अर्धा किलो असा फरक केला. नाशिक जिल्ह्यात या दोन्ही टोकांची गावं आहेत. इगतपुरीला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, येवल्याला त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आतबाहेर.

एक टक्क्याने गोणीचा हिशेब करू. २०.७ किलोतलं २०७ ग्रॅम नत्र वायू झालं. ऑक्सिजनचं वजन मिळवून तो नायट्रस ऑक्साइड भरतो ३२५ ग्रॅम, आणि त्याला २७३ ने गुणलं की ८९ किलो कार्बन डायऑक्साइड. युरिया फुटताना सुटलेला कार्बन डायऑक्साइड ३३ किलो. बेरीज १२२ किलो. शेतातल्या ट्रॅक्टरने ४५ लिटर डिझेल जाळलं तर साधारण एवढाच धूर निघतो. कारखान्यात नैसर्गिक वायू जाळून अमोनिया बनवला त्याचा हिशेब यात धरलेला नाही. अर्धा टक्का धरला तरी हे २९ लिटर डिझेल होतं. पिकाला गरज होती म्हणून घातलेल्या गोणीबद्दल तक्रार नाही, तेवढी किंमत अन्नाची आहे. प्रश्न उगाच पडलेल्या गोणीचा आहे.

आणि कांद्यात ती पडते. उन्हाळ कांद्याला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश अशी आहे, शेणखत वेगळं. म्हणजे एकरी ४०, २० आणि २०. दीड गोणी १०:२६:२६ घातली की स्फुरद-पालाश जवळजवळ भागतं आणि साडेसात किलो नत्रही येतं. राहिलं साडेबत्तीस किलो नत्र, म्हणजे युरियाची दीड गोणी. निम्मं नत्र लागणीच्या वेळी, उरलेलं दोन हप्त्यांत, तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास. एवढंच. शिवारात मात्र भेसळ डोस, पहिला डोस, दुसरा डोस आणि मग "पात पिवळी पडली" म्हणून आणखी एक, असा क्रम चालतो. साठ दिवसांनंतर दिलेल्या नत्राने पात हिरवीगार होते, माल पोसल्यासारखा दिसतो, पण कांदा उशिरा पक्व होतो, मान जाड राहते आणि चाळीत घातल्यावर सड लागते. लासलगावला सप्टेंबर-ऑक्टोबरात भाव येईल या आशेने चाळ भरणाऱ्याला हा शेवटचा युरिया दोन्हीकडून महागात पडतो. साठ दिवसांनी नत्र बंद करा हे शिफारशींमध्ये वर्षानुवर्षं छापून येतं. त्यात हवामानाचा उल्लेखही नसतो, आणि नसला तरी चालतो.

कांद्याची मुळं वरच्या वीतभर मातीतच पसरतात. वाफा तुडुंब भरला की नायट्रेट त्यांच्या आवाक्याखाली जातं. तिथून ते विहिरीत येतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं असं मानक आहे, आणि केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांतल्या विहिरी त्याच्या वर सापडतात. आता हेच पाणी पिकाला दिलं तर काय होतं ते पाहा. ४५ मिलिग्रॅम नायट्रेटमध्ये नत्र असतं सुमारे १० मिलिग्रॅम. उन्हाळ कांद्याला हंगामात ५०० मिलिमीटर पाणी दिलं तर एकराला वीस लाख लिटर लागलं. त्यातून शेतात आलं २० किलो नत्र, म्हणजे एक गोणी युरिया. फुकट, आणि कुणाच्या हिशेबात नसलेली. पाणी परीक्षण करणारा शेतकरी बहुतेक वेळा क्षार आणि सामू पाहून कागद घडी घालून ठेवतो. त्यातला नायट्रेटचा आकडा वाचला तर अर्धी-पाऊण गोणी कमी करायला काहीच हरकत नाही.

पाण्याची रीत बदलली की चित्र बरंच बदलतं. कांद्यासाठी सव्वा मीटरच्या आसपास रुंदीचे गादीवाफे आणि त्यावर दोन नळ्या ठिबकच्या, नत्राचे सहा-सात छोटे हप्ते व्हेंचुरीतून. एका वेळी मातीत नायट्रेट थोडंच, पाणी मुळापाशी, आणि पोकळ्या तुडुंब भरण्याचा प्रसंग क्वचितच. वायू कमी व्हायला याहून वेगळं काही करावं लागत नाही. मात्र ठिबकमध्येही भोळसट वापर होतो. टाकीत खत विरघळवून पहिल्या अर्ध्या तासात सोडायचं आणि मग तीन तास साधं पाणी चालू ठेवायचं, म्हणजे पुन्हा नायट्रेट खाली. आधी जमीन ओली करायची, मग खत, शेवटी नळ्या धुवायला पुरेल एवढंच पाणी, हा क्रम कागदावर सगळ्यांना पाठ असतो.

नत्र मोजूनमापून द्यावं हे द्राक्षवाल्यांना नव्याने सांगायला नको. पिंपळगाव, ओझर, दिंडोरीकडच्या बागांमध्ये पान-देठ परीक्षण रुळलेलं आहे: खरड छाटणीनंतर पंचेचाळीस दिवसांच्या सुमारास आणि फळछाटणीनंतर फुलोऱ्यात देठ गोळा करून प्रयोगशाळेत द्यायचे, आकडा पाहून डोस ठरवायचा. नत्र जास्त झालं की वेल माजते, सावली दाटते, घड जिरतात, डावणी-भुरीला आमंत्रण मिळतं. बागेत नत्र जपून घालणारा माणूस शेजारच्या मक्यात जुलैच्या भर पावसात दोन गोण्या फोकून येतो हेही तितकंच खरं. मक्याचा भाव पडेल म्हणून तिथे डोकं घालायचं नाही, युरिया स्वस्त आहे. येवला-मालेगावकडचा खरिपाचा मका आज या वायूचा मोठा स्रोत असणार असा माझा कयास आहे.

इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातलं भात हे वेगळं प्रकरण आहे. खाचरात पाणी असतं तोवर मिथेन निघतो, पाणी उतरून पुन्हा भरलं की नायट्रस ऑक्साइड डोकं वर काढतो. एक कमी करताना दुसरा वाढू नये याची काळजी घ्यावी लागते. यावर महाराष्ट्राकडे जुनं, स्वतःचं उत्तर आहे. अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेले मृदाशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी चारसूत्री भातशेती मांडली. भाताच्या तुसाची राख आणि पेंढा शेताला परत देणं, गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत गाडणं, नियंत्रित लावणी, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या खोल खोचणं ही ती चार सूत्रं. लावणीच्या दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या खुणा आळीपाळीने असतात. त्यावरून १५ सेंटिमीटरच्या चौकोनात चार चुडं लागतात आणि दोन चौकोनांमध्ये २५ सेंटिमीटरची मोकळी पट्टी राहते. लावणीच्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध पावणेतीन ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात दाबायची. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, वजन सुमारे १७० किलो. पुढे हंगामभर युरिया फोकायचा नाही.

ही गोळी पडते ती जमिनीच्या हवाबंद थरात. तिथे नायट्रोसोमोनासला ऑक्सिजन मिळत नाही, त्यामुळे अमोनियम अमोनियमच राहतं, नायट्रेट बनत नाही, आणि जे बनलंच नाही ते मोडून वायू होण्याचा प्रश्नच येत नाही. वरच्या पाण्यातही नत्र नसल्याने अमोनिया उडत नाही आणि बांध फुटला तरी खत वाहून जात नाही; तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात ही शेवटची गोष्ट शेतकऱ्याला सर्वात पटते. बांगलादेशातल्या खाचरांत अशा खोल गोळ्यांची वायू-मोजणी झाली आहे. पाणी सतत उभं असताना फोकलेल्या युरियाच्या मानाने नायट्रस ऑक्साइड बराच कमी निघाला. पाणी वरचेवर सुकवलं तेव्हा हा फायदा तेवढा पक्का राहिला नाही. अडचण एकच, पण मोठी: एकरी २५ हजार गोळ्या वाकून हाताने खोचायच्या. लावणीच्या दिवसांत मजूर आधीच मिळत नाहीत.

मग नवी खतं? कडुनिंबाचं वेष्टण असलेला युरिया २०१५ पासून सक्तीचा आहे. निंबोळी तेलातली द्रव्यं नायट्रोसोमोनासला मंदावतात, पण देशी मोजण्यांत वायूतली घट दहा टक्क्यांच्या आसपासच दिसते. याच कामासाठी खास बनवलेली रसायनं जगभरच्या चाचण्यांत एक तृतीयांशाहून जास्त घट देतात, पण आपल्या गावच्या दुकानात ती सहज मिळत नाहीत. २०२३ मध्ये गंधकाचं वेष्टण असलेला युरिया आला: ४० किलोची गोणी, ३७ टक्के नत्र, १७ टक्के गंधक, किंमत तीच. कांद्याला गंधक लागतंच, त्यामुळे इथे तो नीट बसतो. नॅनो युरियाचं गणित मात्र मला कधी जुळलं नाही. २०२१ मध्ये आलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्के नत्र होतं, म्हणजे २० ग्रॅम. गोणीतलं २० किलो ७०० ग्रॅम त्याने बदलायचं, तर पिकाने उरलेलं कुठून आणायचं याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं.

सेंद्रिय घातलं की वायू शून्य, हाही एक लाडका समज. नत्र शेणखतातलं असो की कोंबडीखतातलं, जिवाणू आधार कार्ड बघत नाहीत. कच्चं कोंबडीखत ओल्या जमिनीत घातलं तर नत्र आणि जिवाणूंचं खाद्य एकाच वेळी मिळून वायू भसाभस निघतो. चांगलं कुजलेलं शेणखत घालावं, आणि त्यातलं नत्र युरियातून वजा करावं. ही वजाबाकी जवळपास कुणी करत नाही.

न करण्याचं कारण २६६ रुपये ५० पैशांत आहे. जी वस्तू एवढी स्वस्त, ती मोजून कोण वापरेल? त्यात भर हंगामात युरिया मिळतच नाही, मिळाला तर काही दुकानांत लिंकिंग, म्हणजे नको असलेली एखादी बाटली गळ्यात मारूनच. मिळेल तेव्हा चार गोण्या घरात आणून ठेवायच्या आणि घरात आहेत म्हणून टाकायच्या, हे त्यातून होतं. कार्बन क्रेडिटचे पैसे देतो म्हणत आता काही जण गावोगाव फिरतात. एका गोणीमागे १२२ किलो वाचले, टनाला हजार रुपये भाव धरला, तर हाती येतात १२२ रुपये, आणि त्यातून मोजणी, पडताळणी आणि मधल्या माणसाची दलाली वजा व्हायची आहे. गोणीचे २६६ रुपये वाचतात ते याच्या दुप्पट आहेत, आणि चाळीतला कांदा सडला नाही तर त्याचा हिशेब क्विंटलमध्ये करावा लागतो.